भांडण चार मिनिटांचं, चर्चा दहा मिनिटांची

भांडण मिटवायला शिकवण्यासाठी मी वर्गात मुलांकडून भांडणाचा प्रसंग अभिनयातून करून घेते. पहिल्या वर्षी नुसतं एवढंच सांगितलं, ‘तुमचं भांडण झालंय असं समजा आणि मिटवा.’ दोघं उठले, हसत हसत माफी मागून दीड मिनिटात जागेवर जाऊन बसले. भांडायला मी कारणच दिलं नव्हतं.

आता प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी देते. प्रसंग दोघांनाही ठाऊक असतो: गटाचा प्रकल्प उद्या सादर करायचा आहे आणि एकाचा भाग अजून आलेला नाही. पहिल्याच्या चिठ्ठीत असतं, ‘मागच्या वेळीही याचं काम तूच रात्रभर जागून पुरं केलंस.’ दुसऱ्याच्या चिठ्ठीत, ‘तू कच्चा मसुदा दोनदा पाठवलास, कुणी उघडूनही पाहिला नाही.’ चिठ्ठी दाखवायची नाही आणि कुणी विचारल्याशिवाय त्यातलं सांगायचंही नाही. मला शिकवायचं आहे ते हे विचारणं.

तिघांचे गट करा. तिसरा निरीक्षक. त्याने फक्त कानावर पडलेले शब्द लिहायचे. ‘तो उद्धट बोलला’ हे चालणार नाही. ‘तू नेहमीच असं करतोस’ हे वाक्य जसंच्या तसं हवं. चर्चेत सगळ्यात जास्त उपयोग या कागदाचा होतो, म्हणून निरीक्षकाचं काम कधीही उरलेल्या विद्यार्थ्याला देऊ नका.

विद्यार्थ्यांचं खरं, चालू भांडण प्रसंग म्हणून घेऊ नका. ‘थांबा’ म्हणायची मुभा प्रत्येकाला द्या.

चार मिनिटांनी थांबवा आणि दहा मिनिटं बोला. आधी भूमिका करणारे बोलतील, मग निरीक्षक, शेवटी तुम्ही. (शिक्षकाने आधी तोंड उघडलं की बाकीचे गप्प होतात.) ‘तू नेहमीच...’ हे वाक्य फळ्यावर लिहून ते ‘मी’पासून सुरू करायला सांगा: ‘भाग आला नाही, म्हणून मला उद्याची धास्ती वाटतेय.’ मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी रुजवलेली ही पद्धत आहे. मात्र ‘मला वाटतं तू बेजबाबदार आहेस’ हा आरोपच. मुलं ही पळवाट हमखास काढतात.

मग त्याच चिठ्ठ्यांची अदलाबदल करून प्रसंग पुन्हा करा. भूमिका उलटवण्याचं हे तंत्र मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्यातलं, म्हणजे अभिनयातून करायच्या मानसोपचारातलं. या फेरीला मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५२ साली मांडलेला नियम लावा: समोरच्याचं म्हणणं आणि भावना त्याला पटेल अशा शब्दांत सांगितल्याशिवाय आपलं बोलायचं नाही. बोलणं रखडतं, मुलं वैतागतात. रखडू द्या.

शेवटी चिठ्ठ्या परत घ्या आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव मोठ्याने म्हणायला लावा. भूमिकेतला राग कुणी मधल्या सुट्टीत नेऊ नये.

एका गटातला मुलगा पहिल्या फेरीत चार मिनिटं नुसता ओरडत होता. अदलाबदलीनंतर दुसरी चिठ्ठी वाचून तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग निरीक्षकाकडून कागद मागून घेतला आणि स्वतःची वाक्यं बोटाने मोजत गेला. एकवीस वाक्यं होती. त्यांत एकही प्रश्न नव्हता.