पावसात मेगर पडलं? आधी बुशिंग पुसा

जून लागला की गोव्यात वेर्णा असो की वास्को, सगळीकडे एकच रड, ११ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरचं मेगर (म्हणजे इन्सुलेशन रेझिस्टन्सचं रीडिंग, ते मोजणारा मीटरही मेगरच) पडलं, वाइंडिंग (आतलं तारेचं गुंडाळं) गेलं वाटतं. अरे थांबा जरा. आपल्याकडे समुद्राचं खारं वारं, बुशिंगवर (तार टाकीबाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरवर) मिठाचा थर बसतो आणि तो ओला झाला की करंट वरच्यावरच सरकतो, आतलं इन्सुलेशन ठणठणीत असलं तरी मीटर कमी दाखवतो.

आधी शटडाऊन, परमिट, सप्लाय नाही याची डिटेक्टरने खात्री, अर्थिंग. मग केबल सोडवा, नाहीतर केबलचंच मेगर घेत बसाल. (लायसन्स नसेल तर हात लावू नका, सिरियसली.) बुशिंग सुक्या कपड्याने पुसून, मेगरच्या वेळेपुरतं वाइंडिंगचं अर्थिंग काढून ५ केव्हीचा मेगर लावा, लाइन वाइंडिंगला, अर्थ बॉडीला, १ मिनिटाचं रीडिंग घ्या.

अजून कमीच? मग गार्ड टर्मिनल, जे बऱ्याच जणांच्या मेगरवर नवंकोरं पडून असतं! तिन्ही बुशिंगवर, प्रत्येकाच्या मधोमध उघडी तांब्याची तार गुंडाळून गार्डला जोडायची, वरून सरकणारा करंट मग मीटरमध्ये मोजला जात नाही. रीडिंग एकदम वर गेलं तर भानगड बाहेरची, जागचं हललं नाही तर आत ओलावा शोधा. सोबत तापमान लिहाच, १० अंश वाढले की रीडिंग ढोबळमानाने अर्धं होतं, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारचं आणि ऑगस्टमधल्या सकाळचं रीडिंग तसंच शेजारी ठेवून भांडू नका.

एचटी (हाय टेन्शन) मोटर असेल तर पीआय (पोलरायझेशन इंडेक्स) काढा, १० मिनिटांचं भागिले १ मिनिटाचं. २ च्या वर चांगलं, १ च्या आसपास म्हणजे ओली किंवा घाण. आणि टेस्ट १० मिनिटं चालली तर अर्थ करून निदान ४० मिनिटं डिस्चार्ज होऊ द्या. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला पीआयवर भरवसा नको, तिथे तेलाची बीडीव्ही (तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं ती टेस्ट) आणि डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) करा, हायड्रोजन वाढला तर पार्शल डिस्चार्जचा (इन्सुलेशनमधल्या बारीक ठिणग्यांचा) संशय, अॅसिटिलीन दिसलं तर आर्किंग.

आता उलटी गंमत. गेल्या वर्षी चवथीच्या आधी आमच्या एका एचटी पॅनेलचं मेगर मस्त गिगाओममध्ये, पण चालू पॅनेलजवळ उभं राहिलं की बारीक चरचर आणि ओझोनचा तो तिखट वास. अल्ट्रासोनिक डिटेक्टर फिरवला, केबल टर्मिनेशनपाशी (केबलच्या जोडणीच्या टोकाशी) आवाज वाढला, शटडाऊन घेऊन उघडलं तर पांढरी पावडर. टर्मिनेशन नवं केलं, चरचर गेली. मेगर तेवढंच, आधी होतं तेवढं, म्हणजे हे पार्शल डिस्चार्ज मेगरमध्ये दिसलंच नव्हतं.