टेक्सासात हरणाच्या सीझनआधी स्वस्तात रायफल जुळवायची तर काय काय लागतं

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी टेक्सासात व्हाइटटेल हरणाचा सीझन उघडतो, म्हणजे रायफलचं काम ऑगस्टमध्येच काढायचं, कारण ऑक्टोबरात बॅरल, म्हणजे नळी, ऑर्डर केलं की ते नेमकं आउट ऑफ स्टॉक असतं आणि मग दुसऱ्याची रायफल उसनी मागत फिरावं लागतं, मी फिरलोय.

आधी कागद बघा. एच-वन-बीवर असाल तर साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही, व्हॅलिड हंटिंग लायसन्सचा अपवाद आहे पण पैसे टाकायच्या आधी वकिलाला विचाराच, ग्रीन कार्डवाल्यांना हा त्रास नाही. जन्म २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतरचा असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. आणि बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की फेडरल कायद्याने 'बंदूक' म्हणजे फक्त रिसीव्हर, नंबर कोरलेला तो लोखंडी भाग, त्यालाच फॉर्म आणि बॅकग्राउंड चेक लागतं, बॅरल आणि स्टॉक (दस्ता) सरळ घरी कुरियरने येतात. स्वतःसाठी जुळवा, मित्रांना बनवून विकायचा धंदा काढलात तर त्याला वेगळं लायसन्स लागतं. सुट्टीत गावी जाऊन असलं काही करायचं डोक्यातही आणू नका, भारतात १९७२च्या कायद्यापासून शिकार बंद आहे. आमच्या आजोबांकडे ठासणीची होती, पीक संरक्षणाच्या परवान्याची, तीसुद्धा निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा.

आता मुख्य खरेदी. नवीन रिसीव्हर सुटा घेऊ नका, सॅव्हेज कंपनीची ११० ही रायफल सेकंडहँड घ्या. हे मॉडेल १९५८ पासून आहे आणि त्यात बॅरल एका मोठ्या नटाने आवळलेलं असतं, त्यामुळे लेथ मशीन नसलेला माणूसही गॅरेजमध्ये बॅरल बदलू शकतो, बाकी बऱ्याच कंपन्यांच्या रायफलला त्यासाठी गनस्मिथ आणि त्याचं बिल दोन्ही येतं. मला गंजकं बॅरल असलेली एक ३२० डॉलरला मिळाली, बॅरल तसंही फेकायचंच होतं. फक्त शँक, म्हणजे बॅरलचं रिसीव्हरमध्ये बसणारं आट्याचं टोक, लहान आहे का मोठा ते मोजून मगच नवीन मागवा. आणि शॉर्ट अ‍ॅक्शन (आखूड काडतुसांसाठीची रचना) असेल तर .२४३, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर, .३०८ या सगळ्या काडतुसांना बोल्टचं, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याचं, तोंड एकाच मापाचं लागतं, म्हणजे बोल्ट बदलायचा खर्च वाचतो. मी .३०८ घेतलं, १९५२ पासून चालत आलेलं काडतूस आहे, कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं. क्रीडमूर लांबच्या माऱ्याला भारी आहे मान्य, पण आमच्या ब्लाइंडपासून (लपून बसायच्या खोपटापासून) फीडर, म्हणजे हरणांना दाणे टाकणारा डबा, सव्वाशे यार्डांवर, तिथे काय फरक पडणार.

हेडस्पेस गेजवर, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला नेमकी किती जागा राहते ते तपासायच्या मापावर, मात्र कंजूषपणा करायचा नाही. 'गो' आणि 'नो-गो' दोन्ही घ्या नाहीतर भाड्याने आणा. बोल्टमधला एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर (रिकामी केस ओढून बाहेर फेकणारे भाग) काढून 'गो' गेज चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, बॅरल गेजला टेकेपर्यंत फिरवायचं आणि मग नट आवळायचा. आवळताना नट आणि रिसीव्हरच्या मधे बसणारा रिकॉइल लग (धक्का स्टॉकवर घेणारी जाड पट्टी) तिरका होतो, त्यावर एक डोळा ठेवा. नंतर पुन्हा बघा, 'गो'वर बोल्ट एका बोटाने बंद झाला पाहिजे आणि 'नो-गो'वर होताच कामा नये, झाला तर चेंबर खोल राहिलंय, काडतुसाची केस आत फाटते आणि गरम गॅस तोंडावर येतो. पहिली गोळी झाडायच्या आधी एकदा गनस्मिथला दाखवून आणा, त्यात लाज कसली.

स्टॉक जुना अक्रोडाचाच ठेवा. पोचे आलेले असतील तिथे ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली की लाकूड फुगून वर येतं, आणि मग लहानपणी बॅटला चोळायचो तेच जवसाचं तेल. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर पसरून वाळवा. इपॉक्सीने बेडिंग करताना, म्हणजे रिसीव्हर स्टॉकमध्ये घट्ट बसेल असा साचा भरताना, रिसीव्हरला बुटाचं पॉलिश नीट फासा, स्क्रूची भोकं मुलांच्या क्लेने बुजवा आणि लगच्या पुढच्या, बाजूच्या आणि खालच्या अंगाला टेप लावा, मागच्या बाजूला टेप नको, फक्त पॉलिश. मी पॉलिश लावलं पण लगची मागची बाजूच विसरलो, सकाळी स्टॉक आणि रिसीव्हर एकजीव! बायकोने डीप फ्रीजरमधले मटार आणि पुरणपोळ्या काढून जागा करून दिली, रात्रभर गारठवून रबरी हातोडीने ठोकल्यावर सुटलं एकदाचं.

स्कोप (दुर्बीण) साधा ३-९x४०, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुरतो. पण तो रायफलवर धरून ठेवणारे बेस आणि रिंग स्वस्तातल्या नकोत, आणि रिंगचे स्क्रू अंदाजाने पिळू नका, साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, कंपनीने दिलाय तो आकडा धरा.

माझा हिशोब सांगतो, ठरवले होते हजार: रायफल ३२०, बॅरल ३१०, गेज आणि नटाचा पाना ९०, स्कोप-बेस-रिंग २४०, इपॉक्सी वगैरे ३०, काडतुसं १५०, झाले ११४०. एवढ्यात दुकानातल्या दोन साध्या नवीन रायफली आल्या असत्या, तेव्हा पैसे वाचवायचेच असतील तर हे करू नका, हाताला खाज असेल तरच करा.

काडतुसांचे १५० मात्र कापू नका. तीन वेगवेगळ्या ब्रँडचा एकेक बॉक्स आणा, बोल्ट काढून नळीतून बघत आधी २५ यार्डांवर स्कोपचा नेम जुळवा, मग १०० वर, जो ब्रँड जवळ जवळ गोळ्या टाकेल त्याचेच अजून बॉक्स घ्या. कानाला आणि डोळ्याला संरक्षण रेंजवर पहिल्या गोळीपासून.

निघायच्या आदल्या रात्री ट्रकमध्ये टाकायचं ते असं: लायसन्स टॅगसकट (मारलेल्या हरणाला लावायच्या चिठ्ठ्या), कोर्सचं कार्ड, रेंजवर ज्याने नेम जुळवला त्याच काडतुसांचा बॉक्स, अ‍ॅलन की, सुरी, दोरी, आइसबॉक्समध्ये बर्फ, पब्लिक लँडवर जाणार असाल तर नारिंगी जाकीट आणि टोपी, आणि चहाचा थर्मास, कारण पहाटे साडेपाचला ब्लाइंडमध्ये जी थंडी वाजते ना.