फियाट सरस की अँबेसिडर? तुलना अशी करा

मुंबईकर प्रीमियर पद्मिनीला आजही फियाटच म्हणतो. कुर्ल्याची ती फियाट आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबेसिडर, यांत सरस कोण, हा वाद दोन जुने ड्रायव्हर भेटले की निघतोच. तुम्हीही त्यात पडणार असाल तर आधी विचारा, कुठली अँबेसिडर?

म्हणून पहिलं काम, बोनेट उघडा. २०१४ पर्यंत निघालेल्या या गाडीत १४८९ सीसीचं पेट्रोल, तेवढंच डिझेल आणि पुढे १८१७ सीसीचं जपानी इसुझू इंजिनही आलं. इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून बघा. मार्क फोर, म्हणजे १४८९ सीसीचं जुनं मॉडेल, म्हणून मिरवणाऱ्या एका अँबेसिडरनं बोरघाटात माझ्या फियाटला लीलया मागे टाकलं होतं. वर चहाला थांबलो, बोनेट उघडलं, तर आत इसुझू!

दुसरं, ताकद वजनानं भागा. पेट्रोल फियाटचं इंजिन १०८९ सीसी, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, वजन ९०० किलोच्या आसपास. १४८९ सीसीची अँबेसिडर साधारण ५० अश्वशक्तीची, पण वजन ११०० किलोच्या घरात. टनामागे दोघींना ४५च्या आसपासच मिळते. मोठ्या इंजिनाचा रुबाब इथेच उतरतो.

आता रस्ता. त्याआधी गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर आधी दुरुस्ती, नाहीतर तुम्ही गाड्यांची नव्हे, झिजेची तुलना कराल. टायरमध्ये हवा नेमकी भरा, दोन्हीकडे माणसं सारखी बसवा. शून्य ते शंभरच्या नादी लागू नका; स्टिअरिंगवरचा गिअर टाकताना परीक्षा हाताचीच होते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ६० किती सेकंदांत जाते ते मोजा, जाताना आणि येताना, आणि सरासरी काढा. वेग फोनच्या जीपीएसवर बघा. जुन्या मीटरचा काटा नाचतो.

अॅव्हरेजसाठी टाकी तोंडोतोंड भरा, शंभर किलोमीटर फिरवा, त्याच पंपावर परत भरा.

शेवटी मागच्या सीटवर तिघांना बसवून खड्ड्यांतून न्या. अँबेसिडरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४६४ मिलिमीटर, फियाटचं २३४०. तिघांच्या गुडघ्यांना विचारा.