विभागाचे समान संधी धोरण: आधी बैठक, मग मसुदा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांगांसाठी आपण काय करणार ते, जाहीर करायचे आणि त्याची प्रत मुख्य आयुक्तांकडे किंवा राज्य आयुक्तांकडे नोंदवायची असते. पुष्कळदा शेजारच्या खात्याचे धोरण मागवून, खात्याचे नाव तेवढे बदलून सहीला ठेवले जाते. असे धोरण पहिल्याच तक्रारीला उघडे पडते, कारण त्यात जबाबदार माणूसही नसतो आणि मुदतही नसते. म्हणून विभागप्रमुखांनी मसुद्याला हात घालण्याआधी बैठक घ्यावी.

एक नव्हे, दोन बैठका घ्या. एक खात्यातल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची, दुसरी खात्याकडे कामासाठी येणाऱ्या नागरिकांची. कर्मचाऱ्यांच्या बैठकीत ज्यांच्या हाती त्यांचे गोपनीय अहवाल आहेत ते अधिकारी निदान पहिला तासभर तरी नसावेत. साहेब समोर असले की कुणी तोंड उघडत नाही. पंधरा-वीस जण पुरेत. कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे, पण बोलावणे जाते ते बहुधा व्हीलचेअर वापरणाऱ्यांना आणि अंध व्यक्तींना. कर्णबधिर, मानसिक आजार असलेले, बौद्धिक दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे पालक यादीत आहेत का, हे स्वतः तपासा.

निमंत्रणातच विचारा: ‘बैठकीसाठी तुम्हाला कोणती सोय लागेल?’ उत्तरासाठी लँडलाइन देऊ नका. कर्णबधिर माणूस फोनवर बोलणार कसा? संदेश पाठवता येईल असा मोबाइल क्रमांक द्या. विषयपत्रिका आठवडाभर आधी, युनिकोड मराठीत पाठवा. स्कॅन केलेले पान स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीला वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लेखी नुसते चित्र असते, आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला ‘शासन निर्णय’ त्याला निरर्थक अक्षरांची माळ म्हणून ऐकू येतो. बैठक तासाहून लांबणार असेल तर सांकेतिक भाषेचे दोन दुभाषी लागतात. साधारण वीस-वीस मिनिटांनी ते आलटून पालटून काम करतात. त्यांना खिडकीकडे पाठ करून उभे करू नका. मागून उजेड आला की चेहरा आणि हात दिसत नाहीत.

बैठक संपली की सगळ्यांसोबत फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत चालत जा, हातात टेप घेऊन. उताराचे प्रमाण १:१२ हवे. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर आणि उतार ५.४ मीटर लांब. जागा नाही म्हणून तो दोन मीटरमध्ये बसवला, तर वर चढायला दोघांनी ढकलावे लागते आणि उतरताना खुर्ची घसरते. गुळगुळीत फरशी लावली असेल तर पावसाळ्यात आणखी धोका. दार उघडल्यावर मोकळी जागा ९० सेंटिमीटर मिळते का ते मोजा. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर ते उघडून पाहा. आत जुन्या फायलींचे गठ्ठे असू शकतात.

आता मसुदा. धोरणात काय हवे ते २०१७ च्या केंद्रीय नियमांत दिले आहे: सोयीसुविधा, सुनिश्चित पदांची (दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या पदांची) यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, बदलीत प्राधान्य, विशेष रजा, निवासस्थान, सहाय्यक साधने, अडथळामुक्त इमारत आणि संपर्क अधिकारी. प्रत्येक कलमाखाली कोण, किती दिवसांत आणि कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या तरतुदीतून) हे लिहा. ‘आवश्यकतेनुसार साधने पुरवली जातील’ या वाक्याने कुणालाच काही मिळत नाही. ‘अर्ज आल्यापासून १५ दिवसांत आस्थापना शाखेचे कक्ष अधिकारी स्क्रीन रीडर बसवून देतील’ असे लिहिले, तर जाब विचारता येतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तर मोफत मिळतो, तेव्हा तिथे निधीची अडचण सांगायला जागाच नाही.

सरकारी भरतीत लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्यांना किमान ४ टक्के आरक्षण आहे. अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि अस्थिव्यंगादी गटांना प्रत्येकी १ टक्का. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी. हा चौथा गटच जाहिरातीतून सुटण्याची भीती अधिक, म्हणून पदे भरण्याचे मागणीपत्र पाठवण्यापूर्वी तो वेगळा तपासा. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही, हेही धोरणात स्पष्ट लिहा. त्याला बहुधा हे कुणी सांगितलेलेच नसते.

धोरण संकेतस्थळावर टाका. ते जमत नसेल तर कार्यालयाच्या दर्शनी भागात लावा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व क्रमांक त्यावर असू द्या. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हायला हवी आणि निकाल न पटल्यास तक्रारदाराला जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. मुदत नोंदीपासून मोजली जाते, म्हणून आवक शाखेत अर्ज पडून राहिला तर तक्रारदाराचे ते दिवस वाया जातात. तक्रार त्याच दिवशी नोंदवहीत चढवायची आणि नोंद क्रमांक तक्रारदाराच्या हाती द्यायचा, अशी लेखी सूचना आवक लिपिकाला द्या.