कुणी कौतुक केलं की 'छे हो, माझं कसलं' म्हणणाऱ्या आपल्या लोकांसाठी

आपल्या सोलापुरात जेवायला बोलवून कुणी म्हणलं, ताई शेंगाचटणी लई भारी झालीय, तर ताई लगेच म्हणणार, कुठलं हो, लसूण कमी पडलाय. चर्चमध्ये गाणं म्हणून खाली आलं की तेच, घसा बसलाय आज, आणि कुणी जास्तच कौतुक केलं तर "माझं काही नाही, सगळी प्रभूची कृपा". कृपा आहेच की, पण समोरचा माणूस देवाला विसरून तुमचं कौतुक करत नव्हता, त्याला गाणं आवडलं एवढंच सांगत होता.

तर पहिलं काम, नुसतं "थँक्यू, बरं वाटलं" म्हणा आणि गप बसा. पुढचं "पण" गिळायचं. सुरुवातीला लई अवघड जातं, जीभ वळवळते. देवाचे आभार घरी जाऊन प्रार्थनेत माना, तेही नाव घेऊन, म्हणजे प्रभू आज अमक्याला माझ्या गाण्यानं धीर आला त्याबद्दल तुझे उपकार. बायबलात याकोब 1:17 मध्ये प्रत्येक चांगलं दान वरून येतं असं आहे, मग आलेल्या दानाला भिकार म्हणणं ही काय नम्रता झाली?

नाकारायचं कधी तेही बायबलात आहे. प्रेषितांची कृत्ये 14 वाचा, लुस्त्र गावात पांगळा माणूस चालायला लागला तर लोक येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या पौल आणि बर्णबाला देव समजून बैल आणि फुलांचे हार घेऊन आले, तेव्हा त्या दोघांनी कपडे फाडले आणि ओरडून थांबवलं. ती पूजा होती हो. चटणीच्या कौतुकाला कपडे फाडायची गरज नाही. आणि येशूनं स्वतः लोकांचं तोंडावर कौतुक केलंय, रोमी शताधिपतीचा (शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचा) विश्वास बघून सगळ्यांसमोर म्हणाला की असा विश्वास इस्राएलात सापडला नाही. तिथं तो शताधिपती "छे छे" म्हणत बसल्याचं काही लिहिलेलं नाही.

आता मनातलं बोलणं, हे जास्त अवघड. दुकानात हिशेब चुकला की आपण आतल्या आत "मी बावळटच" म्हणतो. तिथं एवढंच करायचं, काय चुकलं ते सांगायचं, स्वतःला नाव ठेवायचं नाही. "आज दोन बिलं राहिली, संध्याकाळी परत बघते." झालं. उलट्या टोकाला आरशासमोर "मी ग्रेट, मी जिंकणारच" हेही नको, रोमकर 12:3 मध्ये स्वतःला योग्यतेपेक्षा जास्त मानू नका असं स्पष्ट आहे, म्हणजे माप खरं पाहिजे, कमी पण नाही आणि जास्त पण नाही.

स्तोत्र 42 आणि 43 सलग वाचा, स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवालाच विचारतो की तू का खिन्न झालास, आणि मग त्यालाच सांगतो देवाची आशा धर. हेच वाक्य तीनदा येतं, म्हणजे एकदा बोलून भागलं नाही त्याचं, आपलंही भागणार नाही. मोठ्यानं म्हणा, गाडीवर असाल तर हेल्मेटमध्ये म्हणा, कुणाला ऐकू जात नाही. पण आठवडेच्या आठवडे मन काळंच राहतंय, झोप नाही, जेवण नाही, असं असेल तर पाळकसाहेबांकडे जाच पण डॉक्टरकडेही जा, त्यानं विश्वास कमी होत नाही.

गोड बोलून काम काढणारेही भेटतात, त्यांनाही थँक्यू म्हणा, पण कामाला हो म्हणायची घाई करू नका.

आणि आईवडलांनो, संडे स्कूलमध्ये पोरानं वचन पाठ म्हणून दाखवलं, टीचर म्हणल्या हुशार आहे, की तुम्ही मधेच "घरी काय ऐकत नाही हो हा" म्हणता ना, ते बंद करा, थँक्यू त्यालाच म्हणू द्या.