लॅचची जीभ पट्टीच्या भोकात शिरत नव्हती: माझा अनुभव

दार लोटलं की लॅचची स्प्रिंगवाली जीभ चौकटीवरच्या पट्टीला आपटायची, भोकात शिरायचीच नाही. हँडल धरून दार वर उचललं तरच खटका बसायचा. तेल घातलं, दाराची कड रंधली. डोक्याला नुसता ताप!

शेवटी जिभेला खडू फासून दार लोटलं. खूण भोकाच्या खालच्या कडेवर उमटली, म्हणजे दार खाली बसलं होतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू नुसतेच फिरत होते. आधी दाराखाली पाचर ठोकून ते उचललं. मग स्क्रू काढून भोकांत फेविकॉल लावलेल्या सागाच्या काड्या ठोकल्या, सपाट कापल्या, रात्रभर वाळू दिल्या. बारीक ड्रिल मारून जरा लांब स्क्रू पिळले. पुन्हा खडू लावला. उरलेला केसभर फरक पट्टीची खालची कड कानसून काढला. पट्टी मात्र सरकवू नका, जुन्या भोकांशेजारी स्क्रू पकड घेत नाहीत.