ट्रान्सफॉर्मेशन केलं आणि प्लेट कोरीच? या चुका टाळा

मायक्रो किंवा बायोटेकच्या एमएस्सीला ई. कोलाय या बॅक्टेरियामध्ये प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) घालायचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशनचं, प्रॅक्टिकल असतंच, आणि दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला की निम्म्या बॅचच्या प्लेटा कोऱ्या आणि बाकीच्यांच्या प्लेटवर नुसता गालिचा, म्हणजे सगळीकडे सलग वाढ. मग सगळे प्लास्मिडला शिव्या घालतात, नाचता येईना अंगण वाकडं. दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

पण कुठे, ते कळणार कसं? कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या प्लेटा, लावले असतील तरच. "प्लेटा कमी आहेत, कंट्रोल राहू दे" ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. डीएनए न घातलेले सेल्स साध्या एलबीवर (अँटिबायोटिक न घातलेल्या मीडियमवर) लावा, तिथे भरपूर वाढ आली पाहिजे, नाही आली तर सेल्स मेलेत, पुढचं काही बघूच नका. तेच सेल्स अँपिसिलिनच्या (प्लास्मिड नसलेल्यांना मारणाऱ्या अँटिबायोटिकच्या) प्लेटवर लावा, तिथे काहीही यायला नको, आलं तर अँटिबायोटिक काम करत नाहीये. आणि तिसरा, पीयूसी१९ हे खात्रीचं प्लास्मिड घालून केलेला. या तिन्ही प्लेटा बरोबर आल्या आणि तुमचीच कोरी, तर मग खुशाल तुमच्या लिगेशनवर (डीएनएचे तुकडे जोडण्यावर) संशय घ्या.

आता सेल्सबद्दल. १९२८ मध्ये ग्रिफिथ या शास्त्रज्ञाने ज्या न्यूमोकोकस बॅक्टेरियावर प्रयोग केला तो बाहेरचा डीएनए आपणहून आत घेतो, लॅबमधला ई. कोलाय असं सहसा करत नाही, त्याला कॅल्शियम क्लोराईड आणि थंडी देऊन तयार करावं लागतं (मँडेल आणि हिगा, १९७०). असे सेल्स फार नाजूक होतात आणि इथेच लोक घाई करतात. रात्रभर वाढवलेलं कल्चर सरळ वापरतात, खरं तर त्यातून ताजं कल्चर लावून ओडी (कल्चर किती गढूळ झालंय त्याचं माप) ०.३ ते ०.४ च्या आसपास असताना सेल्स काढायचे. सेंट्रिफ्यूज आधी थंड करत नाहीत, पेलेट (तळाशी बसलेला सेल्सचा गोळा) सुटत नाही म्हणून व्हॉर्टेक्सवर जोरात हलवतात, उणे ८० अंशाच्या फ्रीजरमधली ट्यूब मुठीत धरून वितळवतात, आणि उरलेले सेल्स परत फ्रीजरमध्ये टाकून पुढच्या आठवड्यात तेच वापरतात. असं करू नका. बर्फातच वितळू द्या आणि उरलं ते फेकून द्या, जीवावर येतं पण फेका.

डीएनए जास्त घातला की कॉलनी जास्त, हाही गैरसमजच. चांगल्या प्लास्मिडचे १ ते १० नॅनोग्रॅम पुरतात आणि १०० मायक्रोलिटर सेल्सना ५ मायक्रोलिटरच्या वर द्रव घालू नये, कारण त्यासोबत मीठ आणि मिनीप्रेपमधलं (प्लास्मिड वेगळं काढतानाचं) उरलेलं इथेनॉलही आत जातं.

हीट शॉक, म्हणजे सेल्सना थोडा वेळ गरम करणं, ४२ अंशाला. वॉटर बाथच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर बुडवून बघा. वेळ कुठे ४५ सेकंद लिहिलेली असते कुठे ९०, आणि दोन्ही बरोबर असू शकतात कारण ट्यूब आणि सेल्सचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून एक प्रोटोकॉल धरला की तोच शेवटपर्यंत धरा. शॉकनंतर लगेच बर्फात, मग मीडियम घालून ३७ अंशाला तासभर. हा तास अँपिसिलिनसाठी थोडा कमी केला तरी एखाद वेळेस निभावतं, पण कॅनामायसिन असेल तर अजिबात नाही, ते थेट रायबोसोमवर जातं आणि रेझिस्टन्सचं (औषधाला दाद न देण्याचं) प्रोटीन आधी तयार झालेलं लागतं.

प्लेटवर गालिचा आलाय? बहुतेक उकळत्या अगारमध्येच (प्लेटमध्ये ओतायच्या मीडियममध्ये) अँपिसिलिन ओतलंय. अगार ५० अंशाच्या आसपास आल्यावर घाला, म्हणजे बाटली हातात धरवेल इतपत. मोठ्या कॉलनीभोवती बारीक बारीक ठिपके असतील तर ते सॅटेलाइट. मधली कॉलनी बीटा लॅक्टमेज बाहेर सोडते, आजूबाजूचं औषध संपतं आणि प्लास्मिड नसलेलेही वाढायला लागतात. त्या बारीक कॉलनी उचलू नका, आणि प्लेटा १६ ते १८ तासांत बाहेर काढा, रविवार आहे म्हणून दोन दिवस आत ठेवायच्या नाहीत. अजून एक, स्प्रेडर (सेल्स प्लेटवर पसरवायची काडी) जाळून तसाच गरम टेकवणारे लोक पण असतात...

काही ठिकाणी याच बॅचला कॉन्ज्युगेशनही (एका बॅक्टेरियाने दुसऱ्याला जोडून प्लास्मिड देणं) ठेवतात. तिथली नेहमीची चूक म्हणजे डोनर (देणारा) आणि रेसिपियंट (घेणारा) एकत्र करून शेकरवर जोरात फिरवणं. या जोड्या हलवल्या की सुटतात, वोलमन आणि जेकब या शास्त्रज्ञांनी तर जोड्या मुद्दाम तोडायला ब्लेंडर वापरला होता. मिश्रण न हलवता ठेवा. आणि डोनरला मारणारं औषध प्लेटमध्ये हवंच, म्हणजे प्लास्मिडवर कॅनामायसिनचा रेझिस्टन्स असेल तर रेसिपियंट स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा घ्या आणि प्लेटमध्ये दोन्ही घाला, नाहीतर मोजलेल्या सगळ्या कॉलनी डोनरच्याच निघतील. नुसता डोनर आणि नुसता रेसिपियंट त्याच प्लेटवर वेगवेगळे लावून बघा, दोन्हीकडे काही यायला नको.